माशीचा विषाणू, अळीचे शरीर

सुरत आणि नवसारी यांच्या मधले सचिन आता औद्योगिक वसाहतीसाठीच ओळखले जाते. वसाहत मागे टाकून चलथाण, पलसाणा, बारडोलीकडे वळले की मात्र उसाचा पट्टा सुरू होतो. गाळपाचा हंगाम लागला की धुळे, नंदुरबार आणि डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या इथे उतरतात. मुकादम येतो, कोयते येतात, फडात अहिराणी-मराठी ऐकू येऊ लागते. तोडताना एखादे कांडे असे हाती लागते की त्याला बाहेरून बारीक भोक असते. ते उभे चिरले तर आत तांबूस पडलेला बोगदा, ओला भुसा आणि कांडी किडीची गुबगुबीत अळी दिसते. कधी मात्र जिवंत अळीच्या जागी तिचे नुसते चिपाड उरलेले असते आणि त्याला बिलगून तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा पांढऱ्या कोषांचा पुंजका असतो.

हे काम कोटेशिया फ्लॅव्हिपेस या परोपजीवी गांधीलमाशीचे. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, काळी, पिवळसर पायांची. माणसाला ती डंख करत नाही. अळीच्या विष्ठेच्या वासावरून ती बोगद्याचे तोंड शोधते, आत शिरते आणि अंधारात अळीला गाठते. अळीचे जबडे कडक ऊस कुरतडणारे असतात. आत गेलेली माशी अनेकदा चावा बसून तिथेच मरते. पण तोवर काही क्षणांत तिने तीस-चाळीस अंडी अळीच्या शरीरात सोडलेली असतात. दहा-बारा दिवसांनी तिच्या पिलांच्या अळ्या यजमानाची कातडी फोडून बाहेर येतात आणि कोष विणतात.

शेतीशाळेत सांगितली जाणारी मित्रकीटकाची गोष्ट साधारणपणे इथेच संपते. खरा गुंता त्या दहा-बारा दिवसांत आहे. अळीचे शरीर काही निमूटपणे अंडी सांभाळत बसत नाही. तिच्या रक्तात फिरणाऱ्या पेशी परकी वस्तू दिसताच तिला चिकटतात, थरावर थर चढवतात, काळे रंगद्रव्य ओततात आणि तिला कोंडून मारतात. काच, नायलॉन, दुसऱ्या कीटकाचे अंडे, सगळ्यांची हीच गत होते. मग माशीचीच अंडी कशी वाचतात?

उत्तराचा धागा अमेरिका आणि कॅनडातल्या प्रयोगशाळांत सापडला. कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिस ही माशी तंबाखूवरच्या कळीअळीत अंडी घालते. अंडी धुऊन, स्वच्छ करून अळीत टोचली की रक्तपेशी त्यांना कोंडून मारतात. माशीच्या अंडाशयाच्या तोंडाशी असलेला द्रव सोबत टोचला की ती वाचतात. त्या द्रवात विषाणूंचे कण खच्चून भरलेले असतात. १९८१ साली एडसन, व्हिन्सन, स्टोल्झ आणि समर्स यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले की शुद्ध केलेले कणही पुरेसे ठरतात आणि तेच कण निकामी करून टोचले तर अंडी मरतात. एका कीटकाने दुसऱ्याला जेर करण्यासाठी विषाणू बाळगावा आणि पिढ्यान्‌पिढ्या तो आईकडून लेकीकडे जावा, ही गोष्ट जीवशास्त्रज्ञांना पचायला वेळ लागला.

या विषाणूंना पॉलिडीएनए विषाणू म्हणतात, कारण त्यांचा डीएनए अनेक लहानमोठ्या वर्तुळांत विभागलेला असतो. ब्रॅकोनिड कुळातल्या माश्यांकडे असतात ते ब्रॅकोव्हायरस आणि इक्न्यूमोनिड कुळातल्यांकडे असतात ते इक्नोव्हायरस. २००४ साली फ्रान्समधल्या तूर इथल्या गटाने कोटेशिया कॉन्ग्रेगाटा या माशीच्या विषाणूचा पूर्ण डीएनए वाचला. ३० वर्तुळे, साडेपाच लाखांहून अधिक अक्षरे, आणि त्यातला जेमतेम २७ टक्के भाग प्रथिनांचा मजकूर सांगणारा. सर्वांत चकित करणारी बाब म्हणजे त्यात विषाणूचे कवच बनवणारे किंवा त्याची नक्कल काढणारे जनुकच नव्हते. अळीच्या शरीरात गेल्यावर हा विषाणू वाढूच शकत नाही. तो तिथे जातो, आपले जनुक पेशींत उतरवतो, ते कामाला लागतात, आणि त्याचा प्रवास संपतो.

कवचाचे जनुक गेले कुठे? ते माशीच्याच जनुकसंचात सापडले. २००९ मध्ये अ‍ॅनी बेझिए, जाँ-मिशेल ड्रेझाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या अंडाशयात चालू असलेले जनुक तपासले, तेव्हा त्यातले बरेच न्यूडीव्हायरस नावाच्या जुन्या विषाणू घराण्याचे निघाले. कोकणात आणि केरळात नारळाला पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्यावर जो विषाणू सोडला जातो, तोही याच घराण्यातला. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी असाच एक विषाणू कुठल्या तरी आदिम माशीच्या डीएनएत कायमचा मिसळून गेला. त्याचा कवच बनवण्याचा कारखाना माशीकडे राहिला, त्यातल्या मालाची जागा हळूहळू माशीला सोयीच्या जनुकांनी घेतली. आज जगभरातल्या हजारो जातींच्या माश्या त्या एका घटनेच्या वारसदार आहेत.

इक्नोव्हायरसची कथा वेगळी आहे. २०१० मध्ये स्पष्ट झाले की त्यांचा मूळ पुरुष निराळाच विषाणू होता. म्हणजे माशीने विषाणू माणसाळवण्याची घटना किमान दोनदा, स्वतंत्रपणे घडली आणि दोन्ही वेळा त्याच कामासाठी. या विषयात इतके ठसठशीत दुसरे काही नाही. विषाणूंचे वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अलीकडे त्यांना विषाणूंच्या यादीतून काढून 'व्हायरीफॉर्म' या वेगळ्या गटात टाकले, ते योग्यच झाले.

आता ही हत्यारे नेमकी काय करतात ते पाहू. इथे सर्वांत पक्का पुरावा रोगप्रतिकाराच्या बाबतीत आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या मायकेल स्ट्रँड यांच्या गटाने मायक्रोप्लिटिस डेमोलिटर या माशीच्या विषाणूवर वर्षानुवर्षे काम केले. त्यातला एक जनुक रक्तपेशींच्या पृष्ठभागावर असे प्रथिन मांडतो की त्या कशालाच चिकटू शकत नाहीत. दुसरा जनुक काळे रंगद्रव्य बनवणारी साखळी मधेच तोडतो. तिसऱ्या प्रकारचे जनुक पेशीतला धोक्याचा संदेश केंद्रकापर्यंत पोचू देत नाहीत. कोबीवरच्या अळीत वाढणाऱ्या कोटेशिया रुबेक्युला माशीकडे सीआरव्ही-१ नावाचा जनुक आहे. तो रक्तपेशींचा आतला सांगाडाच ढिला करतो, तोही काही काळापुरता. तेवढ्या अवधीत अंडे सावरते.

वाढ रोखण्याचे काम थोडे अधिक गुंतागुंतीचे. बाधित अळी बहुधा कोषात जातच नाही. कात टाकण्याचे आणि कोषावस्थेचे संप्रेरक तिच्या शरीरात योग्य वेळी योग्य प्रमाणात चढत नाहीत. त्यात विषाणूचा हात आहे, पण माशीचे विष आणि अंड्याबरोबर सुटलेल्या काही खास पेशी यांचाही वाटा असतो. कोणाचा किती, हे जातीगणिक बदलते. कुठे विषाशिवाय विषाणू लंगडा पडतो, कुठे त्याला विषाची गरजच भासत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा एक परिणाम थेट आहे. एकटेच पिल्लू वाढवणाऱ्या माश्यांनी गाठलेली अळी लवकर खाणे सोडते. हरभऱ्यावरच्या घाटे अळीला कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही माशी लहानपणीच गाठते. त्या अळ्या घाटे पोखरण्याच्या वयाला पोचतच नाहीत. फांदीवर राखाडी कोष आणि त्याच्या बाजूला वाळलेली इवली कातडी एवढेच उरते. झुंडीने वाढणाऱ्या माश्यांचे तसे नसते. कोबीवर कोटेशिया ग्लोमेराटाने गाठलेली अळी कधी कधी निरोगी अळीपेक्षा जास्त खाते, कारण तिला अनेक पोटे भरायची असतात. म्हणून मित्रकीटक म्हणजे नुकसान लगेच थांबणार, असे सरसकट सांगणे बरोबर नाही.

या सगळ्याचा व्यवहाराशी संबंध किती जवळचा आहे, ते ज्वारीच्या खोडकिड्याच्या प्रवासातून कळते. खांदेशात आणि मराठवाड्यात ज्वारी-मक्याचा पोंगा मारणारा कायलो पार्टेलस हा खोडकिडा आशियातून आफ्रिकेत गेला आणि तिथल्या मक्यावर तुटून पडला. १९९३ साली केनियाच्या किनारपट्टीवर त्याच्या मागे कोटेशिया फ्लॅव्हिपेस सोडण्यात आली. माश्या पाकिस्तानातून आणलेल्या होत्या. त्या तिथे रुजल्या आणि त्यांनी खोडकिडा कमी केला. पण केनियाच्या उंच भागातला बुसिओला फुस्का हा स्थानिक खोडकिडा त्यांना दाद देईना. त्याच्या शरीरात त्यांची अंडी कोंडली जातात. त्याच देशातली कोटेशिया सेसामी ही भाऊबंद माशी तर स्वतःच दुभंगलेली निघाली. किनाऱ्यावरच्या मोम्बासाकडची माशी बुसिओलापुढे हरते आणि उंचावरच्या कितालेची जिंकते. दोन्ही दिसायला सारख्या. फरक शोधताना संशोधक सीआरव्ही-१ या विषाणूच्या जनुकापर्यंत पोचले. दोन वाणांत तो जनुक वेगळा आहे आणि वेगळ्या तऱ्हेने चालतो.

ही गोष्ट जैविक कीड नियंत्रणाच्या प्रत्येक कार्यक्रमाने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. माशीची जात ओळखली म्हणजे काम झाले असे नाही. तिच्या अंडाशयात कोणता विषाणू आहे आणि तो समोरच्या अळीवर चालतो का, हे पाहावे लागते. आपल्याकडे साखर कारखाने आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी ट्रायकोग्रामा माशीचे ट्रायकोकार्ड शेतकऱ्यांच्या ओळखीचे केले. ट्रायकोग्रामा मात्र पतंगाच्या अंड्यावरच काम करते आणि तिच्याकडे असला विषाणू नाही. अळीवर काम करणाऱ्या माश्यांच्या बाबतीत गणित निराळे असते. त्यांना आणखी एक धोका आगीचा. दक्षिण गुजरातेत ऊस तोडण्याआधी फड पेटवण्याची रीत आहे, बाकी ठिकाणी तोडणीनंतर पाचट पेटते. बोगद्यातल्या कोषांचा त्या आगीत निभाव लागणे कठीण. पाचट कुजवा म्हणणाऱ्यांनी जमिनीच्या कसाबरोबर हे कारणही आवर्जून सांगायला हवे.

विषाणूची पोच अळीच्या कातडीपाशी थांबत नाही, हे २०१८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मायक्रोप्लिटिस क्रोसेइपेस या माशीचा विषाणू घाटे अळीच्या अमेरिकी बहिणीत टोचला, तेव्हा अळीच्या लाळेतले ग्लुकोज ऑक्सिडेज कमी झाले. टोमॅटोचे झाड त्या लाळेवरून हल्ला ओळखते आणि आपला बचाव उभा करते. लाळ सौम्य झाली, झाडाचा बचाव थंडावला आणि अळीतल्या माशीच्या पिल्लाची वाढ सुधारली. म्हणजे माशीच्या विषाणूने अळीमार्फत झाडालाही वळवले.

दुसरा अभ्यास नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचा. त्यात उलटी बाजू समोर आली. परोपजीवी माशीच्याही मागावर दुसऱ्या परोपजीवी माश्या असतात. विषाणू आणि विष टोचलेली अळी पान खाते तेव्हा झाडातून सुटणारा वास बदलतो. तो वास त्या दुसऱ्या माश्या ओळखतात आणि आयत्या शिकारीपाशी पोचतात. जो विषाणू आतल्या शत्रूपासून पिल्लाला वाचवतो, तोच बाहेरच्या शत्रूला त्याचा पत्ता देतो.

अळीच्या वागण्याबद्दल बोलताना सावध राहायला हवे, कारण इथेच सर्वाधिक अतिशयोक्ती होते. ब्राझीलमध्ये २००८ साली नोंदवलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्लिप्टापँटेलीस माशीची पिल्ले बाहेर पडून कोष विणतात, पण अर्धमेली अळी तिथून हलत नाही. ती काही खात नाही, कोषांवर पहारा देते आणि जवळ येणाऱ्या किड्याला डोके आपटून हाकलते. पहाऱ्यामुळे कोष खरोखरच जास्त वाचतात. पण हा पहारा विषाणूचा जनुक करवून घेतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. संशोधकांना अशा अळीच्या शरीरात एक-दोन पिल्ले मागे राहिलेली सापडली. कदाचित सूत्रे त्यांच्याकडे असतील. विषाणूने मेंदूचा ताबा घेतला, हे वाक्य वाचायला थरारक असले तरी या उदाहरणात ते अजून अनुमानच आहे.

वागणूक बदलणारा विषाणूचा जनुक सिद्ध झाला आहे तो दुसऱ्याच घराण्यात, माशीशिवाय. अळ्यांना मारणारे बॅक्युलोव्हायरस आजारी अळीला झाडाच्या शेंड्यावर चढायला लावतात. तिथे ती मरते, वितळते आणि विषाणू खालच्या पानांवर गळतो. २०११ मध्ये केली हूवर आणि सहकाऱ्यांनी जिप्सी पतंगाच्या अळीत यामागचा ईजीटी हा जनुक दाखवला. तो कात टाकण्याचे संप्रेरक निष्क्रिय करतो. तो जनुक काढला की अळ्या वर चढत नाहीत आणि परत घातला की चढतात. मात्र प्रत्येक जातीत कारण हेच निघत नाही. घाटे अळीच्या विषाणूवरच्या चिनी अभ्यासात २०२२ साली दिसले की तो अळीच्या दृष्टीशी संबंधित जनुकांची पातळी वाढवतो आणि ती उजेडाकडे ओढली जाते.

हाच विषाणू महाराष्ट्रात एचएएनपीव्ही या नावाने विकला जातो. हरभरा आणि तुरीवर तो संध्याकाळी फवारतात, उन्हात निकामी होऊ नये म्हणून द्रावणात नीळ घालतात. चार-पाच दिवसांनी शेंड्यांवर उलट्या लटकलेल्या काळपट, लिबलिबीत अळ्या दिसू लागतात. त्या वर का चढल्या, याचे उत्तर आता बऱ्यापैकी हाती आले आहे.

हे जनुक आपापल्या घरी राहत नाहीत, हा गेल्या दहा-बारा वर्षांतला सर्वांत मोठा शोध. ब्रॅकोव्हायरसची वर्तुळे अळीच्या डीएनएत खरोखर घुसतात. अळी मेली तर प्रश्नच मिटला. पण कधी माशीचा डाव फसतो, अळी वाचते, तिचा पतंग होतो आणि एखादा तुकडा पुढच्या पिढीत जातो. २०१५ मध्ये गास्मी, एरेरो, ड्रेझाँ आदींनी मोनार्क फुलपाखरू, रेशीमकिडा आणि लष्करी अळीच्या स्पोडॉप्टेरा वंशात असे तुकडे दाखवले. त्यातले काही आजही काम करतात. स्पोडॉप्टेरात ते बॅक्युलोव्हायरसपासून अळीचे संरक्षण करतात. शत्रूचे हत्यार घरात राहिले आणि तिसऱ्याच शत्रूवर चालवले गेले.

२०२१ साली त्याची दुसरी बाजू उघड झाली. कीटकांच्या काही विषाणूंत आणि पतंगांच्याही जनुकसंचात असा जनुक आहे की त्याचे प्रथिन अळीतल्या परोपजीवी माशीच्या पिल्लांना मारते. विषाणूला त्याचा फायदा उघड आहे, कारण यजमान एकच आणि दावेदार दोन. हा जनुक विषाणूंमार्फत पतंगांकडे आला आणि काही अळ्यांनी तो माशीविरुद्धचा बचाव म्हणून ठेवून घेतला. स्पोडॉप्टेराच्या एका जातीत तो बंद पाडला, तेव्हा एरवी हरणारी माशी तिच्यात वाढू लागली.

आपल्या मक्याशी याचा संबंध लगेच येतो. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये शिवमोग्याच्या परिसरात दिसली, त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात उसावर आणि गुजरातेत मक्यावरही. नव्या मुलखातून आलेल्या या अळीला इथल्या माश्या ओळखणार नाहीत, अशी भीती होती. पहिल्याच पाहणीत कर्नाटकातल्या शेतांतल्या अळ्यांमधून दोन माश्या निघाल्या, ग्लिप्टापँटेलीस क्रिएटोनोटी आणि घाटे अळीवरची आपली जुनी कॅम्पोलेटिस क्लोरिडी. एक ब्रॅकोव्हायरसवाली, दुसरी इक्नोव्हायरसवाली. त्या अळीतून जिवंत बाहेर पडल्या, याचा अर्थ दोन्ही प्रकारच्या विषाणूंची हत्यारे नव्या यजमानावर निदान काही प्रमाणात चालली. आणि जिच्यावर ती चालली, त्या लष्करी अळीच्या जनुकसंचात जुन्या ब्रॅकोव्हायरसचे तुकडे आधीपासून आहेत.

एचएएनपीव्ही आणि मित्रकीटक हे दोन्ही उपाय आपल्या कृषी सल्ल्यात एकाच परिच्छेदात, जणू एकमेकांचे सोबती म्हणून येतात. रासायनिक फवारणीच्या तुलनेत ते सोबती आहेतच. विषाणू माशीला थेट बाधत नाही आणि कीटकनाशक तिला मारते. पण एका अळीत दोघे भेटले की स्पर्धा सुरू होते. अळी विषाणूने आधी मेली तर माशीचे पिल्लू तिच्याबरोबर जाते. पिल्लू पुरेसे वाढलेले असेल तर ते आधी निसटते. म्हणून हरभऱ्यात एचएएनपीव्ही फवारण्याआधी शेतात फेरी मारून फांद्यांवर कॅम्पोलेटिसचे कोष किती आहेत ते मोजावे. कोष भरपूर आणि लहान अळ्या मोजक्या असतील, तर फवारणी काही दिवस पुढे ढकलता येते. घाटे अळी मोठी झालेली असेल तर थांबण्यात अर्थ नसतो, कारण कॅम्पोलेटिस लहान अळ्याच गाठते.